मथूआत्याच्या चवळीत न आलेला बैल

मथूआत्याच्या चवळीत बैलानं काम केलं, आणि तीच चवळी आत्यानं ऋषिपंचमीला दोनदा वाढून घेऊन खाल्ली.

आता हे वाक्य आपण सगळे मिळून विसरू या. असं काही घडलेलं नाही. बैल आला नव्हता. आला असलाच तर आमच्याकडे नव्हता, आणि आमच्याकडे असलाच तर तो काम करत नव्हता. ही आमच्या घराची अधिकृत भूमिका आहे. ती माझ्या वडिलांनी तयार केली. वडील कोर्टातून बेलीफ म्हणून निवृत्त झाले होते आणि घडलेल्या गोष्टी न घडलेल्या करण्याचा त्यांना अनुभव होता.

तर, न घडलेली हकीकत अशी.

गणेश चतुर्थीची सकाळ होती. आई स्वयंपाकघरात मोदकांच्या मागे होती, वडील मखराला टाचण्या लावत होते, आणि आत्या परसात उकिडवी बसून चवळीच्या शेंगांची हजेरी घेत होती.

"हात लावू नकोस," ती म्हणाली.

"नुसतं बघतोय."

"तुझं बघणं हातानंच असतं, सारंग."

चवळीची शेंग कशी येते ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लांब देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला दोन शेंगा फुटतात, एक इकडे, एक तिकडे, जरा बाक घेऊन. हुबेहूब शिंगं.

"आत्या, ह्या शिंगांसारख्या दिसतात."

"कुणाच्या?"

मी विचार केला. "बकरीच्या."

"दिसू देत," आत्या म्हणाली.

बैलाचं नाव त्या वाफ्याजवळ काढायची सोय नव्हती. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खात नाहीत. नांगरलेल्या शेतातला तांदूळ नाही, गहू नाही, डाळ नाही. परसात आपल्या हातानं लावलेलं असेल किंवा आपसूक उगवलेलं असेल, ते खायचं. बाकीचं भोर गाव ऋषीची भाजी बाजारातून वाट्यावर आणतं, आणि भाजीवाली शपथेवर सांगते की ह्याला बैल लागलेला नाही. आत्याचा शपथेवर विश्वास नव्हता. तिचा भाऊ कोर्टात होता.

म्हणून ती स्वतः लावायची. धुण्याच्या दगडापलीकडचा वाफा ती दर उन्हाळ्यात एकटी कुदळीनं खणायची. मी मदतीला गेलो तर मला बाजूला उभं करायची. खत पालापाचोळ्याचं. शेण नको, कारण गोठ्यात गाय आणि बैल शेजारी बांधतात आणि शेणावर नाव नसतं. एका वर्षी माती आणायची वेळ आली.

"माती कशातून आली?" तिनं विचारलं.

"टेम्पोतून."

"टेम्पो चालतो."

"मग ट्रॅक्टरनं नांगरलेल्या शेतातला तांदूळही चालतो."

आत्यानं आधी जेवण उरकलं. मग हात धुताना म्हणाली, "तुला नोकरी का लागत नाही ते आत्ता कळलं."

नोकरी नव्हती हे खरं. मी तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांना अर्ज लिहून देत असे. 'उपरोक्त विषयास अनुसरून' हे शब्द माझ्या हातून इतके लिहून झाले होते की झोपेत मी आईकडे पाणी मागितलं तरी विषय आधी सांगत असे.

त्या वर्षी पावसानं परसाची वाट लावली होती. अळू कुजलं, भेंडी पिवळी पडली, पडवळ माकडांनी नेलं. चवळी तेवढी तगली. तिच्यावरही माव्याची कीड पडली होती, पण आत्यानं चुलीतली राख चाळून पानापानावर भुरभुरली आणि रोज सकाळी मुंग्यांना बोलून घेतलं. श्रावण संपता संपता वेल बांबूच्या मांडवावर चढला. कोवळ्या शेंगा भाजीला, भरलेल्या शेंगांचे ओले दाणे भाजीत घालायला, आणि खालच्या चार शेंगा वाळवून पुढच्या वर्षीच्या बियाण्याला, असा सगळा हिशोब तिच्या डोक्यात होता.

अडचण एकच होती. आत्याला त्या उन्हाळ्यात साखर निघाली होती. गोळ्या सुरू होत्या आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, उपाशी राहायचं नाही.

"उपाशी कुठे," आत्या म्हणाली होती, "चवळी आहे."

"आणि चवळी नसेल तर?" आईनं विचारलं होतं.

"तर पाणी आहे."

ह्या बाईला ओळखणारा माणूस ह्यापुढे वाद घालत नाही. मथूआत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत परत आली, ती आमच्याकडेच राहिली. का परत आली ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या जन्माआधीची गोष्ट. घरातलं निम्मं काम तीच करायची. जेवायला मात्र सगळ्यात शेवटी बसायची, आणि आई दुसऱ्यांदा भाजी घेऊन आली की ताटावर तळहात आडवा धरायची. "पुरे." वर्षभर पुरे. ऋषिपंचमीला मात्र दोनदा वाढून घ्यायची. ते मी उपासाच्या भुकेच्या खात्यावर घातलं होतं.

दुपारी आरतीच्या जरा आधी दारात गुबूगुबू वाजलं. नंदीबैलवाले बापू फुलमाळी. गेली काही वर्षं ते गणपतीत आमच्या आळीत येत. त्यांच्या बैलाचं नाव मास्तर. अंगावर आरशांची झूल, कपाळाला बाशिंग, शिंगांना ताजा लाल हिंगूळ, पायांत घुंगरू. मास्तर प्रश्नांची उत्तरं मान हलवून देत असे. मी पदवीला बसलो तेव्हा त्यानं मला पहिला वर्ग दिला होता, विद्यापीठानं नंतर तो नाकारला.

"बापू, आरती होतेच आहे. प्रसाद घेऊन जा," वडील म्हणाले. "बैल मागं बांधा. इथं चपला आहेत."

बापूंनी बैल मागं नेला. परसात बांधण्यासारखी उभी वस्तू एकच होती. चवळीच्या मांडवाचा कोपऱ्यातला बांबू.

आरती सुरू झाली. वडिलांच्या हातात झांजा, माझ्या हातात घंटा, आत्याच्या हातात निरांजन. आणि तिथं आमच्या सगळ्यांच्या हातून एक गोष्ट सुटली, ती म्हणजे मास्तर हा शिकलेला बैल होता. वाद्य वाजलं की उभं राहायचं नाही, हे त्याच्या शिक्षणाचं सार होतं.

परसातून घुंगरू वाजायला लागले. आधी ठेक्यात. मग काहीतरी मोडल्याचा आवाज आला.

आमच्याकडे आरती मध्येच सोडत नाहीत. आजोबांच्या काळात एकदा शेजारच्या गंजीला आग लागली होती तेव्हाही सोडली नव्हती, असं वडील अभिमानानं सांगतात. शेजारी ते वेगळ्या सुरात सांगतात. त्यामुळे आम्ही सगळे मागच्या दाराकडे बघत उभे राहिलो आणि ओवाळत राहिलो. आत्याचं निरांजन थांबलं नाही. लवकर संपावं म्हणून वडिलांनी लय वाढवली. वडिलांनी लय वाढवली म्हणून मास्तरनंही वाढवली. बापू मात्र डोळे मिटून तल्लीन झाले होते. त्यांना घुंगरांचा आवाज इतका रोजचा होता की तो ऐकू येत नव्हता.

मंत्रपुष्पांजली झाल्यावर आम्ही परसात धावलो.

मास्तरनं नाचता नाचता कोपऱ्यातला बांबू उपटला होता. तो दोरीला तसाच मागं लोंबत होता आणि त्याच्या टोकानं वाफ्याच्या मधोमध नांगराचं असावं तसं एक तास पडलं होतं. खोल, सरळ. तालुक्यातल्या चांगल्या शेतकऱ्यानं मान डोलवावी असं. वेल ओढले गेले होते, शेंगा तुटून बाजूला ढिगानं पडल्या होत्या. बियाण्याच्या वाळक्या शेंगांवर त्यानं पाय दिले होते आणि दाणे टरफलांपासून वेगळे झाले होते. एवढ्या आरतीत नांगरणी, काढणी आणि मळणी. शेवटी त्यानं शिकवल्याप्रमाणे पुढचे गुडघे टेकून नमस्कार घातला असावा, कारण मातीत तसे दोन खड्डे होते.

आत्याच्या हातात निरांजन तसंच होतं.

वडिलांनी घसा साफ केला. सवयीनं त्यांच्या तोंडून पंचनामा सुरू झाला. "वेळ दुपारची. मौजे आपलं परस. वाफा जागेवर. वेल जमिनीस मिळालेले. बैल..." इथं ते अडले. आत्याकडे बघितलं. "बैल आढळून आला नाही."

मास्तर त्यांच्या खांद्यामागं उभा राहून चवळीचा पाला चघळत होता.

"अरू," आत्या वडिलांना म्हणाली.

"वारा होता," वडील म्हणाले. "ह्या दिवसांत सुटतो."

"वाऱ्याला घुंगरू होते?"

"वन्सं, खरंच," आई पुढे झाली. "कुठला बैल? मी तर बघितलाच नाही."

"वैजू, तुझ्या पदराला शिंगाचा रंग लागलाय."

आईनं पदर बघितला आणि मागं घेतला. मी म्हटलं, ह्यात निष्कारण वाद होतोय. काम केलं की नाही हे ज्यानं केलं त्यालाच विचारावं. पक्षकार हजर आहे.

बापूंचा चेहरा पडला होता. त्यांना मार्ग सापडला. त्यांनी ढोलकं काखेत घेतलं, डाव्या हातात मास्तरची दोरी धरली, गुबूगुबू केलं. "मास्तर, बाईंच्या वाफ्यात तू काम केलंस का रं?"

मास्तरनं ठामपणे आडवी मान हलवली. नाही.

"बघा," मी म्हटलं. "जबाब झाला."

"फुलमाळी," आत्या म्हणाली, "डाव्या हाताचा अंगठा दोरीवरून काढा आणि परत विचारा."

बापू आत्याकडे बघत राहिले. "बाई," ते हळूच म्हणाले, "आजवर हे कुणाच्या ध्यानात आलं न्हाय."

"मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. तिथून हात दिसतात."

ती धुण्याच्या दगडावर बसली. निरांजन शेजारी ठेवलं. रडली वगैरे नाही. तुटलेली एक शेंग उचलून तिनं पुसली आणि परत ढिगावर ठेवली, दुसऱ्याच्या घरातली वस्तू ठेवावी तशी.

"वन्सं, ऐका माझं," आई तिच्याजवळ बसली. "उद्या साधी भगर करू. बाजारातून भाजी आणू. लागला बैल तर लागला. उपाशीपोटी त्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, चक्कर येऊन पडाल कुठं तरी."

"ते मग तुमचंच झालं."

"आमचंच म्हणजे?"

आत्यानं निरांजनाची वात पुढं सारली. "वैजू, तू कधी हात आखडला नाहीस. देवासमोर सांगते. पण आणलेलं अरूचं, रांधलेलं तुझं. वाटी पुढं करायला जाते, तर हात अर्ध्यावर थांबतो. इतकी वर्षं झाली, थांबतोच. हा एक दिवस तुम्ही सगळे माझ्याकडे जेवता." तिनं वाफ्याकडे बघितलं. "त्यात ह्यानं पाय घातला."

वडील मांडवाच्या मोडक्या बांबूकडे बघायला लागले, जणू तो त्यांनीच जप्त करायचा होता.

आई बराच वेळ पदराचा तो रंग चोळत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं तुम्हांला माझी भाजी आवडत नाही."

"मीठ कमी असतं," आत्या म्हणाली. "पण ते वेगळं."

आईला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण नाकातून निसटलं. मग आत्यालाही आलं. मास्तरनं पाल्याचा शेवटचा घास गिळला आणि आणखी आहे का म्हणून ढिगाकडे तोंड नेलं.

"खाऊ द्या त्याला," आत्या म्हणाली. मग जरा थांबून, "फुलमाळी, ह्याला तुम्ही काय देता?"

"मिळंल त्यातलं निम्मं, बाई."

"त्याला विचारून?"

"बैलाला काय इचारायचं?"

"आत्ता तर विचारत होतात."

आत्या उठली. मास्तरच्या समोर जाऊन उभी राहिली. तो तिच्याहून उंच होता. तिनं त्याच्या बाशिंगावर अडकलेला वेलाचा तुकडा काढला.

"हा दारोदार नाचतो आणि पुढ्यात येईल ते खातो," ती म्हणाली. "ह्यानं आज काम केलं. केलं ते केलं. अरू, तुझा वारा तुझ्याकडे ठेव. पण काम फुकट घेतलं तर ते पाप. मजुरी दिली तर? कोर्टात काय म्हणतात?"

वडील सावरून उभे राहिले. "मजुरी दिली की पीक मालकाचं. निर्विवाद. पण बैल आलाच नव्हता, ताई."

"मग न आलेल्या बैलाला मी उद्या जेवायला बोलावते. फुलमाळी, उद्या घेऊन या. झूल नको, घुंगरू नको. ढोलकं घरी ठेवा. कामावर आणायचं नाही."

"मग कसा आणू?"

"पाहुण्यासारखा."

दुसऱ्या दिवशी आत्यानं पूजेला सात ऋषींच्या सात सुपाऱ्या मांडल्या, आठवी अरुंधतीची. मग अंगणात पाट ठेवला, पाटापुढं केळीचं पान, पानाभोवती रांगोळी. भाजी तिनं एकटीनं केली. कोवळ्या शेंगा बोटभर तुकडे करून, भरलेल्या शेंगांचे टपोरे दाणे सोलून, वर ओलं खोबरं आणि एक हिरवी मिरची. मसाला नाही. मीठ व्यवस्थित.

बापू आले. अंगात धुतलेला सदरा होता. मास्तर झुलीशिवाय जरा बारीक दिसत होता, आणि अवघडलेला. काम नसलेल्या दिवशी माणसं दिसतात तसा. पाटावर बसण्याचा प्रश्न त्यानं उभं राहून सोडवला.

आत्यानं पहिलं वाढप त्याच्या पानावर केलं. त्यानं भाजी हुंगली. मिरचीपाशी नाक फुरफुरवलं. मग भाजीसकट पान खाल्लं, आणि पान संपल्यावर रांगोळीही चाटली.

"पुरे का रे?" आत्यानं विचारलं.

बापूंनी दोन्ही हात वर करून दाखवले. रिकामे. दोरी जमिनीवर पडली होती.

मास्तरनं आडवी मान हलवली.

माशी बसली असेल. कानात पाणी गेलं असेल. मी साक्षीदार म्हणून एवढंच सांगू शकतो की मान आडवी हलली. आत्यानं दुसरं पान मांडलं आणि पुन्हा वाढलं.

मग आम्ही बसलो. आत्या पंगतीत भाजीचं पातेलं घेऊन फिरली, ताठ, पदर खोचून. "घ्या. लाजू नका. घरचं आहे." बापूंना वाढलं, वडिलांना वाढलं, मला न विचारता वाढलं. दुसऱ्या फेरीला आईपाशी आली, तेव्हा आईनं ताटावर तळहात आडवा धरला.

"पुरे, वन्सं."

आत्यानं डावानं तो हात बाजूला सारला आणि वाढलं.

शेवटी ती बसली. आई पातेलं घेऊन तिच्यासमोर गेली, एकदा वाढलं, थांबली, दुसऱ्यांदा डाव पुढं केला. आत्याचा हात मांडीवरच राहिला. मी बघत होतो. भाजी चघळायचं विसरलो होतो, आणि आत्यानं ते पाहिलं.

"काय बघतोस? जेव."

"मीठ बरोबर आहे," मी म्हटलं.

"माहितेय मला."

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मास्तरनं मळणी करून दिलेल्या दाण्यांचीच चवळी अजून परसात येते. कुदळीनं आता आई आणि आत्या दोघी खणतात, मला अजून बाजूला उभं करतात. मास्तर म्हातारा झालाय. दारोदार नाचणं बंद झालं, तरी बापू त्याला वर्षातून एकदा मोकळ्या दोरीनं घेऊन येतात आणि तो सरळ पाटापाशी जातो. वडिलांना तो अजून दिसत नाही. चालताना ते त्याला वळसा घालून जातात, पण दिसत नाही.

आत्याचं म्हणाल तर ऋषिपंचमी संपली की षष्ठी उजाडते आणि तळहात पुन्हा ताटावर येतो. काल रात्रीही आला होता. भाजी भोपळ्याची होती आणि आईनं मीठ मुद्दाम जास्त टाकलं होतं. "पुरे."

माझं टेबल अजून कचेरीबाहेर आहे. दुसऱ्यांचे इतके अर्ज लिहिले, एक घरचा लिहायला हरकत नसावी.

प्रति, माननीय सप्तर्षी, उत्तर आकाश. विषय: भाद्रपद शुद्ध पंचमी ह्या तिथीस मुदतवाढ मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करतो की, सदर तिथी वर्षातून एकदाच येत असल्याने आमच्या घरातील एक महिला वर्षातून एकदाच पोटभर जेवते व एक बैल वर्षातून एकदाच पाहुणा असतो. सबब सदर तिथी रोज ठेवण्यात यावी. सोबत चवळीच्या शेंगा, नग दोन, एकाच देठावरील. बैलास विचारले असता त्याने संमतीदर्शक मान हलविली आहे, व त्या वेळी दोरीवर कोणाचाही अंगठा नव्हता. तरी ह्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन आज संध्याकाळच्या जेवणाआधी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.